जुन्या गाडीला पिकअप नाही आणि आयडलिंगला थरथर: ईसीएम बदलण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा: २००६ ची वॅगनआर, १.१ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, १,१८,००० किमी पळालेलं. २०१३ मध्ये बाहेरून सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असलेलं) सीएनजी किट बसवलेलं. सिग्नलला थांबलं की गाडी थरथरते, एसी लावला की बंद पडायला बघते. दुसऱ्या गिअरमध्ये पेडल दाबलं की क्षणभर काहीच होत नाही, मग झटका देऊन उचलते. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जीवच नाही. त्रास दोन्ही इंधनांवर आहे, सीएनजीवर जास्त. प्लग आणि एअर फिल्टर नवे टाकले, इंजेक्टर क्लीनिंग झालं, फरक शून्य. आता मेकॅनिक ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, बदला म्हणतोय.

ईसीएमचा विचार सध्या बाजूला ठेवा. या वयाच्या गाडीत ईसीएम खरोखर मेलेला निघणं फार विरळ. आतापर्यंत जे झालं ते निदान नव्हतं, पार्ट बदलून बघणं होतं. शिवाय तुमच्याच वर्णनात अर्धं उत्तर आहे: "दोन्ही इंधनांवर, सीएनजीवर जास्त."

पेट्रोलचा पंप, पेट्रोल फिल्टर, पेट्रोलचे इंजेक्टर यांचा सीएनजीवर चालताना काही संबंध उरत नाही. गॅसचा रिड्युसर (दाब कमी करणारा), गॅस फिल्टर, गॅसची रेल यांचा पेट्रोलवर चालताना संबंध नाही. दोन्हीकडे त्रास असेल तर दोष दोन्हीला सामाईक असलेल्या भागात शोधायचा: ठिणगी, हवेचा मार्ग, सेन्सर, कॉम्प्रेशन, सायलेन्सर. त्यातही सीएनजी पेटवायला प्लगला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइल (ठिणगीचं व्होल्टेज बनवणारी) किंवा प्लग वायर कमकुवत झाली की पेट्रोलवर गाडी कशीबशी निभावते आणि गॅसवर मिसिंग मारायला, म्हणजे ठिणगी चुकून अडखळायला लागते. म्हणून पहिला संशय इग्निशनवर, दुसरा व्हॉल्व्हवर. इंजेक्टर क्लीनिंगने फरक पडणारच नव्हता.

बॉनेट उघडायच्या आधी

पिकअप नसण्याची काही कारणं इंजिनात नसतातच. चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला पेडल पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज चढला पण गाडीने वेग घेतला नाही, तर क्लच घसरतोय. दहा किमी चालवून चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या (चटका बसेल, टेकवू नका). एखादं चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर ब्रेक धरून बसलाय.

थरथरीचंही तसंच. इंजिनाचा आवाज एकसारखा आणि स्टिअरिंग, सीट मात्र हलतंय, तर इंजिन माउंटिंगचं रबर गेलंय. अशा गाड्यांवर ट्यून-अपचे पैसे हमखास वाया जातात.

आणखी एक फुकटची तपासणी. एकाने आत बसून इंजिन बंद ठेवून पेडल तळापर्यंत दाबायचं, दुसऱ्याने थ्रॉटल बॉडीवरचा (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेवरचा) केबलचा गोल बघायचा. पेडल तळाला टेकलं तरी हाताने तो गोल आणखी फिरत असेल, तर केबल सैल आहे किंवा पायाखालची जाड मॅट आडवी येतेय. थ्रॉटल पाऊणच उघडतो आणि चढावर जीव नाही ही तक्रार तिथेच संपते.

थरथर कोणत्या जातीची?

इंजिन गरम करा, रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद होऊ द्या. मग सायलेन्सरच्या तोंडाशी मागे बसा आणि वर्तमानपत्राची चार बोटं रुंद पट्टी तोंडापासून दोन-तीन इंचांवर धरा. निरोगी इंजिनात पट्टी एकसारखी बाहेर फडफडत राहते. ठरावीक अंतराने मध्येच एक फुसका ठोका पडत असेल, तर एक सिलिंडर काम करत नाही. पट्टी मधूनच आत ओढली जात असेल, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नसल्याचा दाट संशय घ्या. ठोका नियमित नसून आरपीएम सावकाश वर-खाली झोके घेत असेल, तर दोष एका सिलिंडरचा नाही. तो हवेचा किंवा आयडल कंट्रोलचा (पेडल सोडलेलं असताना इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हचा).

या एका फरकावर पुढचा सगळा रस्ता ठरतो. तुमच्या वर्णनावरून ठोका नियमित असावा असं वाटतं, म्हणून आधी तो रस्ता.

एक सिलिंडर मेलाय का, आणि कोणता?

पूर्वी मेकॅनिक चालू इंजिनावर प्लगच्या कॅप एकेक उपटून बघायचे. ते करू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही की कॉइल आतून फुटते, आणि झटका बसतो तो वेगळा. त्याऐवजी पेट्रोलवर चालू असताना पेट्रोल इंजेक्टरचा कनेक्टर एकेक काढा. कनेक्टर काढताच पहिल्या दोन-तीन सेकंदांत इंजिन किती खाली बसतं ते ऐका. नंतर आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह ते सावरून घेतो आणि फरक कळत नाही. तीन सिलिंडरांना इंजिन दचकलं आणि एकाला काहीच झालं नाही, तर तोच आळशी. हीच परीक्षा सीएनजीवर गॅस इंजेक्टरचे कनेक्टर काढून पुन्हा घ्या. चेक इंजिनचा दिवा लागेल, त्याचं मनावर घेऊ नका. काम झाल्यावर कोड पुसायचे.

समजा तिसरा सिलिंडर आळशी निघाला. आता नवीन काही विकत न आणता फक्त अदलाबदल करायची. तिसऱ्याचा प्लग दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात. दोष दुसऱ्यात गेला तर प्लग. नाही गेला तर प्लग वायर बदलून बघा, लांबी पुरत असेल तर. तरीही दोष तिसऱ्यातच राहिला, आणि तोही दोन्ही इंधनांवर, तर कॉम्प्रेशन गेज काढायची वेळ झाली.

"प्लग नवे टाकले" एवढ्याने प्लगचा विषय संपत नाही. गॅप (ठिणगी उडते त्या दोन टोकांमधलं अंतर) मोजला होता का? पेट्रोलला या प्रकारच्या इंजिनात १.० ते १.१ मिमी चालतो. सीएनजीवर तोच गॅप ०.७ ते ०.८ मिमी ठेवला तर कमकुवत कॉइलवरचा भार उतरतो. नवे प्लग पाकिटातून काढून तसेच घट्ट केले की गॅसवरचं मिसिंग जसंच्या तसं राहतं, हे नेहमीचं. फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचं माप) घालून मोजा. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये प्लग आधी हाताने पूर्ण बसवा, मगच पाना लावा आणि २५ न्यूटन-मीटरच्या आसपास थांबा. आटे गेले तर हेड उतरवावं लागेल.

काढलेल्या प्लगचं पांढरं चिनी मातीचं अंग भिंगाखाली धरा. त्यावर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी उभी रेघ असेल, तर ठिणगी टोकाला न जाता तिथून बाहेरून पळतेय. ती रेघ पुसून जात नाही, आणि तिच्या समोर कॅपच्या रबरातही तशीच रेघ असते. फक्त प्लग बदलला तर जुनी कॅप आठवडाभरात नव्या प्लगवर रेघ पाडते. दोन्ही एकदम बदलायचे. प्लगच्या खोबणीत तेल साचलं असेल तर टॅपेट कव्हरचं गॅस्केट आणि तिथली रबरी सील गेली. तेलाने कॅपचं रबर फुगतं आणि ठिणगी गळायला लागते.

टोकाचा रंगही सांगतो. बदामी म्हणजे ठीक. कोरडी काजळी म्हणजे इंधन जास्त किंवा ठिणगी कमी. ओलं, तेलकट काळं म्हणजे पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून तेल वर येतंय. खडूसारखा पांढरा म्हणजे मिश्रणात इंधन कमी. चारपैकी एकच वेगळा दिसला तर दोष त्या सिलिंडरचा, चारही सारखेच काळे तर सेन्सर किंवा इंधनाच्या दाबाचा.

प्लग वायरसाठी मल्टिमीटर घ्या. लांबीनुसार साधारण ५ ते १५ किलोओहम येतात. बरोबर किती, यापेक्षा चारांत विजोड कोणती ते महत्त्वाचं. पण मीटरला बरी दिसणारी वायरही इन्सुलेशनमधून गळू शकते, आणि ते मीटरवर कळत नाही. रात्री अंधारात बॉनेट उघडा, इंजिन आयडलला ठेवा, झाडांवर पाणी मारायच्या पंपाने वायरींवर बारीक फवारा मारा (अंगठी, घड्याळ काढून, हात लांब ठेवून). गळणाऱ्या वायरीवर निळसर धागे सरपटताना दिसतात, टक-टक ऐकू येते आणि त्याच क्षणी इंजिन अडखळतं. कोकणात आणि मुंबईत जी गाडी पावसाळी सकाळी हटकून मिसिंग मारते आणि दुपारी शहाण्यासारखी वागते, तिचं दुखणं दहापैकी नऊ वेळा हेच. तुमच्या मॉडेलला डिस्ट्रिब्युटर (ठिणगी एकेका प्लगला वाटणारा भाग) असेल तर त्याची कॅप उघडून आतल्या पितळी टोकांवरचा पांढरा-हिरवा थर आणि मधल्या कार्बनच्या बटणाची झीजही बघा.

कॉम्प्रेशन, आणि शांत टॅपेटचा धोका

इंजिन गरम असावं, बॅटरी भरलेली असावी. चारही प्लग काढा, इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर काढा, सीएनजीची बाटली व्हॉल्व्हने बंद करा. पेडल तळापर्यंत दाबून ठेवा. हे विसरलं की चारही आकडे खोटे कमी येतात आणि विनाकारण इंजिन खोलायचा निर्णय होतो. मग चार-पाच सेकंद सेल्फ मारा आणि गेज वाचा.

निरोगी पेट्रोल इंजिनात १२ ते १४ किलो प्रति चौरस सेंमी येतात. चारही ११ च्या आसपास असतील तर इंजिन थकलंय, पण आयडलला थरथरणार नाही. थरथर होते ती फरकामुळे: १२.५, १२.५, ९, १२.५ असे आकडे आले की शोध संपला. दोन सिलिंडरांत १ किलोपेक्षा जास्त फरक खपवून घ्यायचा नाही. शेजारशेजारचे दोन सारखेच कमी आले तर हेड गॅस्केट. एकच कमी असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर, म्हणजे ५ ते १० मिली, इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा झटकन वर गेला तर रिंग, जिथल्या तिथे राहिला तर व्हॉल्व्ह.

तुमच्या गाडीत मला व्हॉल्व्हची शंका दुसऱ्या नंबरवर आहे, त्याचं कारण सीएनजी. पेट्रोलचा फवारा व्हॉल्व्हला थोडी थंडाई आणि किंचित ओलावा देतो, कोरडा गॅस ते देत नाही. मुळात पेट्रोलसाठी बनवलेल्या हेडमध्ये व्हॉल्व्हची सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) फट कमी कमी होत जाते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. जळता गॅस त्या फटीतून जातो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते.

फसवणूक अशी की फट वाढली तर टॅपेट वाजतात आणि मालक गॅरेज गाठतो. फट कमी झाली तर इंजिन आणखी शांत होतं. "माझं इंजिन बघा किती सायलेंट" म्हणणाऱ्यांत जळत्या व्हॉल्व्हवाले बरेच निघतात. सीएनजीवर चालणाऱ्या जुन्या गाडीची टॅपेट फट दर २०,००० किमीला फीलर गेजने मोजून, तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणावी. वेळेत फट वाढवली तर अर्ध्या दिवसाचं काम, कड जळली तर हेड खाली.

टायमिंग बेल्टही इथेच बघायचा. या इंजिनाला बेल्ट आहे, चेन नाही. बेल्ट एक दात सरकला तर चारही कॉम्प्रेशन सारखेच थोडे कमी येतात आणि गाडी आयडलपासून चढापर्यंत सगळीकडेच मंद वाटते. कव्हर काढून क्रँक आणि कॅमच्या खुणा जुळवून बघा. बेल्ट कधी बदलला याची पावती सापडत नसेल, तर खुणा जुळल्या तरी बेल्ट बदलूनच कव्हर लावा.

आरपीएम झोके घेत असेल तर हवा

वॅगनआरच्या या इंजिनात हवा थेट मोजली जात नाही. मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजणारा एमएपी सेन्सर असतो, त्यावरून ईसीएम हवेचा हिशोब मांडतो. मॅनिफोल्डला भोक पडून बाहेरची हवा आत आली तर दाब वाढतो, ईसीएम त्या मानाने इंधन वाढवतो आणि आयडल खाली न येता वर चढतं किंवा झोके घेतं. "हवा गळते म्हणजे इंधन कमी पडून इंजिन बंद पडतं" हे एअर-फ्लो सेन्सरच्या गाड्यांचं गणित, ते इथे जसंच्या तसं लावू नका. अपवाद एकच. गळती एकाच सिलिंडरच्या तोंडाशी असेल, उदाहरणार्थ इंजेक्टरची ओ-रिंग किंवा मॅनिफोल्ड गॅस्केटचा एक कोपरा, तर तो एकटा सिलिंडर उपाशी राहतो आणि कागदाची पट्टी नियमित ठोका दाखवते.

तुमच्या गाडीत आणखी एक जागा आहे, जी कंपनीच्या मॅन्युअलमध्ये सापडणार नाही. सीएनजी किट बसवताना मॅनिफोल्डला चार भोकं पाडून पितळी नोझल लावलेले असतात. दहा-बारा वर्षांत ते सैल होतात, त्यांच्यावरचे रबरी पाइप कडक होऊन तडकतात. पेट्रोलवर चालताना याच भोकांतून हवा आत शिरते. हाताने हलवून बघा, हलता कामा नये.

गळती शोधायला पटकन पेट घेणारा स्प्रे गरम इंजिनावर मारायची पद्धत आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड शेजारीच तापलेला असतो, म्हणून ती घरी करू नका. कापडात गुंडाळलेल्या पकडीने रबरी पाइप एकेक चिमटीत धरा: पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत ओढणारा), कॅनिस्टरचा (टाकीतली पेट्रोलची वाफ ओढणारा), ब्रेक बूस्टरचा (ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याचा). ज्याला दाबल्यावर आयडल सुधारलं, त्याच्या पलीकडे गळती आहे. ब्रेक दाबल्यावर पायाशी सुस्कारा ऐकू येऊन आयडल बदलत असेल तर बूस्टरचा पडदा फाटलाय. मग हे काम पिकअपचं राहत नाही, ब्रेकचं होतं. ते आधी करा.

व्हॅक्यूम गेज (मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारा) मिळाला तर उत्तमच. समुद्रसपाटीला गरम इंजिन आयडलला पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवतं, काटा स्थिर. दर हजार फुटांना एक इंच वजा करायचा. पुण्यात साधारण दोन इंच कमी, महाबळेश्वरला चार. मुंबईच्या आकड्याशी तुलना करून पुण्याच्या गाडीला आजारी ठरवू नका. काटा ठरावीक अंतराने झटकन खाली पडत असेल तर व्हॉल्व्ह. स्थिर पण खूप खाली असेल तर टायमिंग. आयडलला बरा, पण २,५०० आरपीएमला धरून ठेवल्यावर हळूहळू खाली येत असेल तर सायलेन्सरचा मार्ग तुंबलाय.

एसी लावला की का दबते?

थ्रॉटल बॉडी आणि आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह. एसीचा कॉम्प्रेसर लागला की ईसीएम या व्हॉल्व्हला जास्त हवा सोडायला सांगतो, पण मार्ग काजळीने बुजलेला असतो. एअर पाइप काढून थ्रॉटलची पाकळी उघडा, तिच्या कडेला आणि मागे काळा चिकट थर दिसेल. थ्रॉटल बॉडी क्लीनर आणि सुती कापड वापरा. सुरी, पॉलिश पेपर, तारेचा ब्रश नको. काही थ्रॉटल बॉडींना आतून लेप असतो, तो खरवडला की पाकळी कायमची गळते. व्हॉल्व्ह सोडवून त्याचं टोक आणि हवेचा मार्ग साफ करा, टोक हाताने आत ढकलू नका.

आणि थ्रॉटल थांबवणारा छोटा स्क्रू, ज्यावर कंपनीत रंग लावलेला असतो, त्याला हात लावू नका. आयडल वाढवायला सर्वांत आधी तोच फिरवला जातो. मग थ्रॉटल सेन्सरची शून्यजागा हलते आणि गाडी आयडलला आहे हेच ईसीएमला कळत नाही. स्क्रूवरचा रंग फुटलेला दिसला तर आधी कोणीतरी हा उद्योग केलाय.

पेडल दाबल्यावरचा तो रिकामा क्षण

इग्निशन आणि हवा स्वच्छ निघाली तर थ्रॉटल सेन्सर. चावी ऑन, इंजिन बंद, सिग्नलच्या वायरीवर मल्टिमीटर. पाकळी मिटलेली असताना अर्धा ते एक व्होल्ट, पूर्ण उघडल्यावर चारच्या आसपास. पेडल अगदी सावकाश दाबत जा. आकडा चढता राहिला पाहिजे. मध्येच शून्याकडे उडी मारली तर तो घासलेला पट्टा. सिग्नलवरून निघताना पेडल जिथे सर्वांत जास्त वेळ असतं तिथेच तो घासतो, म्हणून पहिल्या पाव भागात दोनदा तपासा. काट्याचा जुना मीटर असेल तर तो वापरा, डिजिटलवर ही उडी निसटते.

एमएपी सेन्सरला चावी ऑन, इंजिन बंद असताना बाहेरच्या हवेचा दाब दिसला पाहिजे, मुंबईत १०० आणि पुण्यात ९५ किलोपास्कलच्या आसपास. आयडलला तो ३० ते ४० वर उतरतो. सेन्सर पाइपने जोडलेला असेल तर त्या बोटभर पाइपची तडही हाच क्षण रिकामा करते.

पाण्याच्या तापमानाचा सेन्सर: २० अंशांना २ ते ३ किलोओहम, ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास. पण सेन्सरवर संशय घेण्याआधी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) जागेवर आहे का ते विचारा. आपल्याकडे "गाडी गरम होते" म्हटलं की थर्मोस्टॅट काढून फेकायची खोड आहे. मग हायवेला इंजिन कधी पूर्ण तापतच नाही, ईसीएम त्याला थंड समजून इंधन जास्त सोडत राहतो, प्लग काळे पडतात, ॲव्हरेज बसतं. नवा थर्मोस्टॅट बसवा. गरम होण्याचं मूळ कारण रेडिएटर किंवा पंखा आहे, ते वेगळं शोधा.

ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज गरम इंजिनात ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत नाचलं पाहिजे. एकाच जागी बसून राहिलं तर सेन्सर मेला किंवा मिश्रण बिघडलंय. रेस देऊन सोडल्यावर आकडा हलतो का बघा. हलला तर सेन्सर जिवंत आहे.

पेट्रोलची बाजू आणि सायलेन्सर

तुमचा मुख्य दोष इथे नसावा, पण एक सवय विचारून ठेवतो: पेट्रोलची टाकी कायम रिझर्व्हला असते का? पंप टाकीत असतो आणि पेट्रोलमध्येच थंड होतो. गॅसवर चालवतो म्हणून दोन लिटर पेट्रोलवर महिनोन्महिने काढले की पंपाचा दम जातो. पाव टाकी कायम ठेवा आणि आठवड्यातून थोडं पेट्रोलवर चालवा. पंपाचा दाब अशा इंजिनांत २.५ ते ३ बार लागतो. तो आयडलला मोजून उपयोग नाही. पाइप चिकटपट्टीने काचेशी बांधून गेज दिसेल असा ठेवा आणि कात्रज किंवा खंबाटकीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पेडल पूर्ण दाबून शेजारच्याला वाचायला सांगा. दाब पडला तर फिल्टर किंवा पंप.

आता पंपावर मिळणारं ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल जुन्या गाडीत थोडा फरक करतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त हवं. ऑक्सिजन सेन्सर धड असेल तर ईसीएम सावरून घेतो, आळशी झाला असेल तर नाही. पूर्ण पेडलला मात्र ईसीएम त्या सेन्सरचं ऐकत नाही, तिथे किंचित कमतरता राहते. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून पडून राहिलेलं पेट्रोल अधिक त्रास देतं. पण नियमित ठोक्याची थरथर ई२० ने येत नाही. सगळं खापर पेट्रोलवर फोडू नका.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या मार्गातला, धूर कमी विषारी करणारा जाळीचा डबा) तुंबला की गाडी आयडलला बरी, पहिल्या-दुसऱ्या गिअरला ठीक, आणि वेग वाढवताना कोणीतरी मागून धरल्यासारखी. रबरी हातोडीने हलकं ठोकल्यावर आत खडखडलं तर जाळी फुटलीय. ऑक्सिजन सेन्सरच्या भोकात गेज लावला तर २,५०० आरपीएमला ०.२ बारपेक्षा जास्त दाब नको. जाळी बहुधा मिसिंगमुळेच जाते: न जळलेलं इंधन तिच्यात जाऊन पेटतं आणि ती वितळते. मिसिंग न काढता नवा कन्व्हर्टर बसवला तर त्याचीही तीच गत. आणि आतली जाळी काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर पीयूसीला काय दाखवणार ते आधी विचारा.

कार्ब्युरेटरवाल्या जुन्या ८०० वाल्यांसाठी एवढंच: रिकामा क्षण म्हणजे ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा, फक्त आयडलला बंद पडते म्हणजे स्लो जेटमध्ये कचरा, चढावर जीव नाही म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा पडदा. तोंडाने पाइप ओढून बघा, हवा आली तर फाटलाय.

तुमच्या गाडीला क्रम

पहिल्या दिवशी कागदाची पट्टी, केबल, प्लगचा गॅप, कॅपच्या रेघा, रात्रीचा पाण्याचा फवारा, नोझल हलतात का, थ्रॉटल बॉडीची सफाई. याला अर्धा दिवस आणि क्लीनरचा एक डबा लागतो. दुसऱ्या दिवशी इंजेक्टरचे कनेक्टर काढून आळशी सिलिंडर शोधणं, अदलाबदल, कॉम्प्रेशन आणि टॅपेट. सेन्सर त्यानंतर. सफाईनंतर बॅटरीची निगेटिव्ह वायर काही मिनिटं काढून जोडा, मग एसी, दिवे बंद ठेवून इंजिन पंखा लागेपर्यंत आयडलला चालू द्या, आयडल नव्याने जुळतं.

२०१० च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांशी स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर जुळत नाही, त्यामुळे मोबाइलवर "कनेक्ट होत नाही" आलं म्हणून ईसीएम गेला असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. मारुतीचं जुनं मॉडेल वाचणारा स्कॅनर असलेलं गॅरेज गाठा.

तरीही ईसीएमवरच बोट असेल तर आधी अर्थिंग तपासा. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिन ब्लॉकला धरून सेल्फ मारा, ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी हवेत. जास्त आले तर इंजिनाची अर्थ पट्टी गंजलीय. ती सोडून, पॉलिश पेपरने घासून घट्ट करा. बॅटरीवर इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. सीएनजीवाल्याने मूळ हार्नेस (वायरींचा जुडगा) कापून जोडलेले सांधे उघडा. नुसती पिळून टेप मारलेली तांब्याची टोकं हिरवी पडलेली असतील, ती कापून नव्याने डाग मारा आणि वर श्रिंक ट्यूब चढवा. हे सगळं बरोबर असूनही दोष राहिला तर मेकॅनिकला त्याच मॉडेलचा, तोच पार्ट नंबर असलेला चालू ईसीएम तात्पुरता लावून दाखवायला सांगा. गाडीला इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा) असेल तर नुसता लावून इंजिन सुरू होणार नाही, चावीशी जुळवावा लागेल, तेव्हा "लावून बघितला, तरी सुरू झाली नाही" हा काही पुरावा धरू नका.